उरलेले सोळा

डॉसनला दिल्याचं आइला कोस्केलाला कळलं ते दाताच्या दवाखान्यातल्या रेडिओवरून. दारातल्या टेबलामागे बसून फोन घेणं आणि लोकांना तारखा देणं हे तिचं तिथलं काम. रेडिओ दिवसभर चालू असायचा, कारण आतल्या यंत्राचा आवाज बाहेर बसलेल्यांना ऐकू जाऊ नये असं डॉक्टरला वाटे. हवामान झालं, टायरांची जाहिरात झाली, आणि मग रेडिओवरच्या त्या सदा आनंदी माणसाने सांगितलं की खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी आपल्या हॉकी संघाने बचावपटू डॉसन हर्डर आणि वर पुढच्या वर्षी नवी पोरं निवडायची एक पाळी विंडसरच्या संघाला देऊन तिकडचा गोलरक्षक घेतला आहे. म्हणजे नुसता डॉसन पुरला नव्हता. वर काहीतरी घालावं लागलं होतं, जुना फ्रीज देऊन नवा घेताना घालतात तसं. भूल चढायची वाट बघत बसलेला एक खाणीतला म्हातारा अर्ध्या तोंडाने म्हणाला, "तुमच्याच घरी राहतो ना तो पोरगा?" ती "हो" म्हणाली. मग म्हणाली, "राहायचा." आणि कोणाची तरी दाढ बुधवारी काढायची की गुरुवारी, हे पडद्यावर बघत राहिली. गुरुवार हा शब्द दिसला तेव्हा तिला आठवलं. गुरुवारी डॉसनची रसायनशास्त्राची परीक्षा होती.

चूक तिचीच होती, आणि ती या गावातली बाईच करू जाणे. कॅनडातल्या या सडबरीत बर्फावरची हॉकी खेळणारी बाहेरगावची पोरं ठेवून घेणाऱ्या घरांत एक रीत आहे. डिसेंबर लागला की अदलाबदलीचं नाव जेवणाच्या टेबलावर काढायचं नाही. ती तारीख गावात न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना पाठ असते. फक्त ज्या घरात पोरगा झोपतो त्या घरात ती नसते. बोललं की होतं, असं मानतात. आइलाने सप्टेंबरात फ्रीजवरच्या कॅलेंडरवर सगळं मांडलं होतं. घरचे सामने हिरवे, बाहेरचे लाल, ज्या रस्त्यांवर बसमध्ये इंटरनेट येत नाही ते प्रवास काळे, आणि उरलेल्या फटींमध्ये पेन्सिलीने एकेका धड्याची जागा. जानेवारीतला तो एक चौकोन मात्र कोरा. त्याच्या पलीकडे दोन घरं टाकून तिने परीक्षा लावली. नाताळाच्या आधी लावता आली असती, डॉसन तयारही होता. पण तिने म्हटलं, आणखी पंधरा दिवस मिळाले तर पक्कं होईल, नव्वदच्या वर जाईल. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याचा विचारही करायचा नाही, हे कुठलं शहाणपण? भूत नाही म्हणणारी बाई अंधारात मागे बघत नाही, त्यातलाच हा प्रकार. आता बसा बोंबलत, असं ती स्वतःला म्हणाली. म्हाताऱ्याला वाटलं त्यालाच म्हणते आहे. त्याने गालाला हात लावला.

डॉक्टरांना डोकं दुखतं म्हणून सांगून ती निघाली. गाडीचं इंजिन गरम ठेवणारी वायर काढताना हातमोजा बर्फात पडला, आणि वाकून तो उचलता उचलता तिला उगाचच डॉसनचे हातमोजे आठवले, तळघरातल्या दोरीवर टांगलेले, घामाने कडक झालेले. पहिल्या महिन्यात तिला त्या वासाने मळमळायचं. मग नुसता वास आला. मग तोही येईनासा झाला. लाल दिव्याशी थांबल्यावर तिने मनातल्या मनात आकडेमोड केली. विद्यापीठाकडे गुण पोचायची शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात. परीक्षा पर्यवेक्षकासमोरच द्यायची, आणि पर्यवेक्षक तो शिकत होता त्या ऑनलाइन शाळेने आधी मंजूर केलेला हवा. इथे मंजूर पर्यवेक्षक ती स्वतः होती. विंडसरला नवा शोधायचा, त्याची कागदपत्रं पाठवायची, मंजुरीची वाट बघायची, तोवर तारीख उलटून जाणार. म्हणजे गुरुवार गेला तर हे वर्ष गेलं. आणि हे वर्ष गेलं की पोरगं पुन्हा कधी पुस्तक उघडत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिच्या घरात तसं एक झालं होतं. तिचा मुलगा मिकाही हॉकी खेळायचा, आणि पुढच्या वर्षी देतो, पुढच्या वर्षी देतो म्हणत आता अल्बर्टात तेलाच्या पाइपांवर होता. नाताळात फोन करायचा आणि आईशी बोलायच्या आधी हवामानाबद्दल बोलायचा.

डॉसन आदल्या हंगामात आला तेव्हा त्याचं शिक्षण म्हणजे नुसती भोकं होती. दुपारचे सराव, गुरुवारपासूनचे प्रवास. दिवसाच्या शाळेत त्याला कोणी धड विद्यार्थी म्हणून ओळखत नव्हतं. संघाच्या शिक्षणाधिकाऱ्याने त्याला सोपे विषय घ्यायला लावले होते, स्वयंपाक, व्यायाम, करिअरची निवड. पोरगा पास व्हावा आणि बर्फावर दिसावा, एवढीच त्याची शिक्षणाची कल्पना. डॉसन खेळायला वाईट नव्हता, पण मोठा खेळाडू होणाऱ्यातला नव्हता. वळताना त्याचा उजवा पाय उशीर करायचा. हे आइलाला पहिल्याच सामन्यात दिसलं, आणि तिला आनंद झाला. या आनंदाची तिला नंतर थोडी लाज वाटली, फार नाही. मग एकदा रेयो, तिचा नवरा, तळघरातल्या सौनातून, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीतून, लालबुंद होऊन वर आला आणि टॉवेल गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "पोराला गुरांचा डॉक्टर व्हायचंय." ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" "त्यानेच. आत बसलो होतो तेव्हा." चार महिने ती त्याच्यासमोर ताट ठेवत होती, तुला पुढे काय करायचंय म्हणून विचारत होती, आणि तो "बघू, मिसेस के" म्हणत होता. रेयोने काहीच विचारलं नव्हतं. रेयो नुसता दगडांवर पाणी ओतत बसला होता.

पण माहिती हाती आल्यावर ती गप्प बसणारी नव्हती. गुरांचा डॉक्टर म्हणजे गणित, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी, सगळं विद्यापीठाच्या पातळीचं. दिवसाच्या शाळेत ते दीड वर्षाचं काम. ऑनलाइन शाळेत एका विषयाचे एकशे दहा तास भरले की झालं. ते दहा महिन्यांत भरा नाहीतर सहा आठवड्यांत, तुमची मर्जी. आइलाने सहा आठवडे धरले. एक विषय संपायच्या आत दुसरा सुरू, कारण तपासणाऱ्या शिक्षकाला धडा परत पाठवायला आठवडा लागतो आणि तो आठवडा रिकामा का जाऊ द्यायचा? ही युक्ती तिची स्वतःची होती, जुनी. मिका रांगत होता तेव्हा तिने बारावी टपालाने पुरी केली होती. टोरांटोहून तपकिरी पाकिटं यायची. तिथे कोणीतरी होतं, बाई की बुवा कळायला मार्ग नव्हता, ते लाल शाईत समासात दोन-तीन शब्द लिहून पाठवी. एकदा लिहिलं होतं, "चांगलं आहे, पण तुम्ही थांबता लवकर." त्या ओळीवर तिने पूर्ण हिवाळा काढला होता. आयुष्यात तिला दुसरं कोणी असं काही बोललं नाही. रेयोने तर नाहीच. त्याच्या मते आइला कधीच लवकर थांबत नव्हती.

मग तो शरद ऋतू आणि तो हिवाळा. वेलचीचा पाव भट्टीत, टेबलावर लॅपटॉप उघडा, आणि डॉसन कपाळावर बर्फाची पिशवी धरून मोल म्हणजे काय ते वाचतो आहे. ती त्याच्या आधी धडा वाचून ठेवायची. दवाखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. त्याला समजलं की तिला कळायचं, तो ओठ चावायचा थांबायचा. बाहेरगावी असला की ती फोनवर लिहायची, "चौथा धडा?" आणि तो उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवायचा. सामना हरून बसमध्ये बसलेल्या पोराला "चौथा धडा?" विचारू नये, हे तिलाही कळत होतं. पण कळून वेळापत्रक थोडंच सरकतं? "तू त्याला खायला घालतेस की खाणीत पाठवतेस?" असं रेयो म्हणायचा. इंग्रजी झालं, गणित झालं, जीवशास्त्र झालं. प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात ती त्याच्यासमोर पर्यवेक्षक म्हणून बसायची आणि तो लिहायचा. शाळेची एकच अट होती, पर्यवेक्षक नात्यातला नको. तिने ती अट वाचून आनंदाने सही केली होती. सोयीचं झालं, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं.

घरी पोचली तर दारात त्याच्या दोन मोठ्या पिशव्या आणि काठ्यांचा भारा. डॉसन जिन्यावर बसला होता, बूट हातात. रेयो त्याच्या शेजारी. दोघे कुणाच्या तरी प्रेताजवळ बसल्यासारखे दिसत होते, आणि आइलाला पहिल्यांदा राग आला तो या बसण्याचाच.

"संघाने सकाळीच बोलावलं," डॉसन म्हणाला. "दोन मिनिटं पण नाही लागली त्यांना. बाबा निघालेत घरून. साडेचारपर्यंत पोचतील. उद्या तिकडे हजर व्हायचंय."

"ठीक आहे," आइला कोट काढत म्हणाली. "म्हणजे आपल्याकडे वेळ आहे."

"कशाला?"

"रसायनशास्त्राला."

रेयोने मान वर केली. "आइला. आज नको."

"आज नाही तर कधी? विंडसरच्या बर्फावर?"

"मिसेस के, तिकडचे लोक करतील काहीतरी," डॉसन म्हणाला. "ज्यांच्या घरी राहीन ते."

हे तो सहज बोलला, आणि त्यात काही वाईट नव्हतं. तिकडेही एक घर असणार, एक फ्रीज, एक बाई. पण आइलाच्या कानाला ते कसं लागलं ते तिचं तिलाच माहीत. "तिकडचे लोक शोधू देत, पण तोवर तारीख जाईल," ती म्हणाली. "तुझं तयार आहे. डिसेंबरातच तयार होतं. तीन तास. हात धू आणि काहीतरी खा." डॉसनने रेयोकडे पाहिलं. रेयोने खांदे उडवले. या घरात गेली तीस वर्षं खांदे उडवणं म्हणजे होकार होता.

परीक्षेची वेळ बदलायची तर फोन करावा लागे. तिने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणजे एकीकडे पाव कापता येईल. पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाजाने गोड.

"हो, आज दीडची वेळ उघडता येईल. फक्त पर्यवेक्षकाची पडताळणी पुन्हा करावी लागेल हं, वेळ बदलली की करावीच लागते. बोलणं रेकॉर्ड होतंय. तुमचं विद्यार्थ्याशी नातं काय?"

"नातं नाही."

"म्हणजे आई, सावत्र आई, पालक, मावशी, आत्या, असं कोणी?"

"नाही."

"विद्यार्थ्याच्या निकालात तुमचं काही व्यक्तिगत हित?"

आइलाच्या हातातली सुरी थांबली. डॉसन समोर बसून पावाला लोणी लावत होता. "नाही," ती म्हणाली.

"सॉरी, नियम आहे म्हणून, एका पूर्ण वाक्यात सांगाल का?"

"मी त्याची कोणी नाही."

"थँक यू सो मच," मुलगी म्हणाली. डॉसनने लोणी कडेपर्यंत नीट पसरलं, जसं तो नेहमी पसरायचा, आणि पाव तोंडात घातला. त्याने ऐकलं की नाही, ऐकलं तर त्याला काय वाटलं, हे शोधायला आइलाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे लोणी होतं, आणि सतरा वर्षांच्या पोराची दांडगी भूक होती.

दीड वाजता तो बसला. नियमाप्रमाणे ती समोर, हात टेबलावर, कॅमेऱ्यात दोघेही दिसतील असे. रेयोला तळघरात पाठवलं होतं. तिथून हातमोजे, गुडघ्याची पॅडं पिशवीत कोंबल्याचे आवाज येत होते. बाहेर बर्फ ढकलणारी गाडी गेली, परत आली. डॉसनची पेन्सिल कागदावर कच्चं काम करत होती आणि आइला ते उलटं वाचत होती, न वाचण्याचा आव आणून. दुसरा भाग झाला. तिसऱ्यात तो थांबला. रासायनिक समतोलाचा प्रश्न होता तो. नोव्हेंबरात याच खुर्चीवर त्यावर दोघांचं जवळजवळ भांडण झालं होतं. त्याने वर पाहिलं. सरळ तिच्याकडे. तिला उत्तर येत होतं. नुसती भुवई हलवली असती तरी पुरलं असतं, कॅमेऱ्याला काय कळतं भुवईचं? तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. कोणी नाही म्हणून सांगितलं होतं ना, मग कोणी नसल्यासारखं बसायचं. ती शेजाऱ्याच्या छपराकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले, आणि कॅमेऱ्यात ते संशयास्पद दिसेल म्हणून तिने ते पुसले नाहीत. बऱ्याच दिवसांनी तिच्या मनात आलं की त्याला कदाचित नुसतं पाणी हवं असेल. किंवा त्याला फक्त बघायचं असेल तिच्याकडे.

बाप लवकर आला. वेंडेल हर्डर, गोठ्यातून सरळ उठून आल्यासारखा, पहाटेचं दूध काढून तिथून सहा तास गाडी हाकत आलेला. दार उघडल्यावर आइलाने कॅमेऱ्याबाहेर हात धरून त्याला थांबवलं. त्याने बूट काढले आणि पायपुसण्यावर मोज्यांनी उभा राहिला, टोपी हातात, जवळपास तासभर. त्याला कोणी खुर्ची दिली नाही. खुर्चीचा आवाज झाला असता. डॉसनने शेवटी बटण दाबलं आणि डोळ्यांवर तळवे धरले.

"झालं?" वेंडेल म्हणाला. मग आइलाकडे वळून, आवाज न चढवता, "बाई, तुम्ही त्याचं खूप केलंत, नाही म्हणत नाही. पण हे आजच करायला हवं होतं? पोराला आज केवढा टोला बसलाय."

"म्हणूनच आज," आइला म्हणाली. तिला आणखी बरंच सांगायचं होतं. हा तुमचा पोरगा गोठ्यातल्या वासरांसाठी शिकतोय, हे तुम्हाला तरी त्याने सांगितलंय का, असं विचारायचं होतं. पण त्याने सांगितलं असेल आणि फक्त आपल्यालाच सांगायचं राहिलं असेल, या भीतीने तिने विचारलं नाही.

पिशव्या गेल्या, काठ्या गेल्या. डॉसनने रेयोला मिठी मारली, अशी की म्हाताऱ्याचे पाय जमिनीवरून सुटले. "भेटू रे रेयो," तो म्हणाला. रेयो म्हणाला, "पाठ मोडलीस, गाढवा." मग डॉसन तिच्यासमोर आला. त्याने मिठीसाठी दोन्ही हात पुढे केले की हात मिळवायला एकच, हे तिला पुढे कधी नीट आठवलं नाही. "थँक्यू, मिसेस के. सगळ्याबद्दल." तिने वेलचीचा पाव पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. तिने बोलायला तोंड उघडलं. आणि जे बाहेर पडलं ते असं होतं: "तिसऱ्या भागात एककं लिहिलीस ना?"

डॉसनने बापाकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला.

चादर बदलायच्या आत पोरांच्या राहण्याची व्यवस्था बघणाऱ्या संघाच्या बाईंचा फोन आला. खोली आता रिकामीच आहे ना, मग विंडसरचा गोलरक्षक तुमच्याकडेच पाठवू का? बदलीच्या पोराला बदलीची खाट. यात कोणाला काही गैर वाटलं नाही. मुलगा मिशिगनचा, सभ्य, ताट उचलून ठेवणारा, शाळा कधीच संपवून बसलेला. तो राहायला आला त्या दिवशी आइलाने फ्रीजवरचं कॅलेंडर काढलं. तो म्हणाला, "ते असू द्या ना, घरचे सामने कळतात." तिने त्याला संघाचं छापील दिलं.

ती वाट बघत होती हे तिने कोणाला कळू दिलं नाही. आठवडा गेला, मग फेब्रुवारी गेला. डॉसनला एकदा लिहिलं, "कसा आहेस?" त्याने अंगठा पाठवला. निकालाबद्दल विचारायचं तिने टाळलं. आपणहून सांगेल, असं तिला वाटत होतं. न सांगितलेलं असं सगळं ती गेल्या वर्षभरात खोदून काढत आली होती, एवढं एक तरी न खोदता मिळावं. मार्चमध्ये बर्फ काळं पडायला लागलं तेव्हा एका शनिवारी, गोलरक्षक झोपलेला असताना, तिने ऑनलाइन शाळेला फोन लावला. तीच मुलगी असेल किंवा दुसरी, सगळ्यांचे आवाज गोडच असतात.

"निकाल फक्त विद्यार्थ्याला किंवा त्याच्या कुटुंबीयांना सांगता येतो. तुम्ही कोण त्याच्या?"

"मी पर्यवेक्षक होते."

"एक मिनिट हं. हो, दिसतंय. नात्यात नाही, अशी नोंद आहे तुमची."

"हो. मीच सांगितलं होतं."

"मग नाही सांगता येणार, मॅम. सॉरी. आणखी काही मदत करू?"

आणखी काही नव्हतं. ती फोन हातात धरून तशीच उभी राहिली. रेयो तळघरातून वर आला, खांद्यावर टॉवेल, अंगातून वाफ निघत होती. फ्रीजमधून ताकाची बाटली काढून त्याने तशीच तोंडाला लावली.

"कोणाचा फोन?"

"शाळेला केला होता. डॉसनचे गुण विचारायला. सांगत नाहीत."

रेयोने बाटली खाली घेतली. त्याच्या मिशीला ताक लागलं होतं. "चौऱ्याऐंशी," तो म्हणाला.

"काय?"

"चौऱ्याऐंशी मिळाले. आता विद्यापीठानेही घेतलाय त्याला. गुणांचा फोन जानेवारीतच आला होता मला, तिकडे गेल्यावर आठेक दिवसांत. वासराचे फोटो पण पाठवत असतो." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "मला वाटलं, तुला कळवलं असेल त्याने. नंतर लक्षात आलं, नसेल कळवलं. मग म्हटलं, त्याचं तो सांगेल."

"मला का नाही सांगितलं?"

"मी विचारलं होतं त्याला. म्हटलं, आइलाला सांग ना, ती खूश होईल." रेयो बाटलीचं झाकण लावत राहिला, लागलेलं असूनही. "तर म्हणाला, नको, त्या विचारतील उरलेले सोळा कुठे गेले."

आइलाने तोंड उघडलं, नाही म्हणायला. असं मी कधीच विचारलं नसतं, एवढं वाक्य होतं. पण चौऱ्याऐंशी ऐकल्याबरोबर तिच्या मनात पहिलं तेच आलं होतं, आणि रेयोला ते दिसलं होतं. तिने पाठ फिरवली आणि बशा धुवायला घेतल्या.